बिरप्पाचा लॅपटॉपमधला ढोल

विजापूर रोडवर टायपिंगचा क्लास चालवणारा बिरप्पा म्हणजे ढोलवाल्यांच्या घराण्यात जन्माला आलेला एकमेव बेताल माणूस. आजा ढोल वाजवायचा, बाप वाजवायचा, आणि चुलता बिरुदेवतात्या तर असा, की त्याची थाप पडली की चरणारी मेंढरंसुद्धा मान वर करतात. बिरप्पाची थाप मात्र कायम आधी पडायची. बाकीचे समेकडे निघालेले असताना हा तिथं पोहोचून घाम पुसत उभा असायचा. स्वभावच घाईचा. स्वतःच्या लग्नात अंतरपाट खाली यायच्या आत त्यानं वरूनच हार टाकला होता, हे त्याची बायको सुकन्या अजून पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवते.

त्यामुळे धनगरवस्तीच्या गजी नाचाच्या मंडळात बिरप्पाकडे लहानपणापासून एकच खातं होतं. मंडळी फेटे बांधून ढोलाभोवती रिंगण धरून नाचायची आणि हा बाजूला बसून त्यांच्या चपला राखायचा. आता केस पिकायला लागले तरी खातं तेच. अंगठा तुटलेली चप्पल नुसती बघून तो मालकाचं नाव आणि गुडघ्याचा आजार, दोन्ही सांगे. पण एकदा तरी आपण रिंगणात असावं, ही हौस काही केल्या मरत नव्हती.

यंदा दुसरा ढोलवाला नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि यात्रा तर तोंडावर आली. समोरासमोर दोन ढोल नसतील तर गजीला रंग चढत नाही. रविवारच्या सरावात सगळे यावर डोकं खाजवत असताना चपलांच्या ढिगाआडून बिरप्पा बोलून गेला, की दुसरा ढोल मी कॉम्प्युटरमधून काढतो. बटण दाबलं की थाप.

तात्यांनी गळ्यातला ढोल खाली ठेवला. "वाजीव की पुढल्या रविवारी. पर न्हाय जमलं तर पुन्ना रिंगणाचं नाव काढायचं न्हाय. चपला हायतच."

झालं. बिरप्पानं क्लासमधल्या मुलींना भरपूर टायपिंग देऊन ठेवलं आणि कामाला लागला. तात्यांच्या ढोलाची एक थाप त्यानं मोबाईलवर भरून आणली होती. तिच्या शेपटाला एका शेळीचं ओरडणं चिकटलं होतं, ते त्यानं कापून टाकलं. आता ती थाप बटणाला बांधायची, तर आवाजाच्या प्रोग्रामिंगची लायब्ररी बसवायला हवी. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला कामाचा माल. आपण तो आपल्या प्रोग्रामला जोडायचा, म्हणजे स्पीकरशी बोलणी आपल्याला करावी लागत नाहीत.

माल फुकट होता, पण मानी होता. तो उतरवून घ्यावा तर म्हणे, आधी अमुक बसवा. अमुक बसवावं तर म्हणे, तमुक जुनं झालंय. काळ्या खिडकीत लाल ओळी अशा धावायला लागल्या, की सुकन्याला वाटलं नवरा आता टीव्हीवाल्यासारखी कसली तरी बातमी सांगणार. सूचनांचं पान चांगलं लांबलचक होतं. बिरप्पानं त्याची पहिली आणि शेवटची ओळ वाचली. मधलं वाचण्याइतका धीर त्याच्या खानदानात असेल, त्याच्यात नव्हता.

तरी बुधवारी लाल ओळी थांबल्या आणि सगळं नीट बसल्याचा निरोप आला. बिरप्पाचा ऊर भरून आला. नव्या कामाला भंडारा वाहायचा, ही घरची रीत. त्यानं देव्हाऱ्यातला मूठभर भंडारा घेतला, बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हटलं आणि घरच्याच सढळ हातानं हळद लॅपटॉपवर उधळली. थोडी पडद्यावर बसली, थोडी बटणांत गेली, आणि उरलेली बाजूच्या हेडफोनच्या भोकात जाऊन ठासून बसली. लॅपटॉपची प्रामाणिक समजूत झाली, की आपल्याला हेडफोन लावलेला आहे. त्यानं स्पीकर बंद केले आणि सगळे ढोल त्या हळदीच्या कानात वाजवायला सुरुवात केली.

बिरप्पा बटण दाबी. पडद्यावर ‘थाप वाजली’ असं उमटे. खोलीत मात्र दशक्रियेची शांतता. त्यानं लायब्ररी काढून पुन्हा बसवली. मग जुनी बसवली. मग कुणा परदेशी माणसाची वेगळीच बसवली. शेवटी त्यानं जगभरच्या प्रोग्रामरांच्या चर्चेत आपलं दुखणं मांडलं. तिथून एकानं विचारलं, हेडफोन लावलेला नाही ना? या प्रश्नानं बिरप्पा इतका दुखावला, की त्यानं संध्याकाळचा चहा घेतला नाही. घरात हेडफोनच नव्हता. सुकन्याचा इअरफोन होता, तोही ती माहेरी विसरून आली होती.

शनिवारी दुपारी तिच्या भावानं तो इअरफोन आणून दिला. बिरप्पा कपाळाला हात लावून पडला होता, तेव्हा सुकन्यानं बहिणीच्या लेकाच्या बारशाचा व्हिडिओ ऐकावा म्हणून त्याची पिन लॅपटॉपात खुपसली. पाळणा ऐकून झाला. पिन उपसली ती पिवळीधमक, भोकातली हळद घेऊनच. सवयीप्रमाणे तिनं पुसायला म्हणून बटणांवरून फडकं फिरवलं आणि बिरुदेवतात्यांच्या वीस-पंचवीस थापा एकदम कडाडल्या. बाहेर टायपिंग करणाऱ्या मुली उठून उभ्या राहिल्या.

"काय दाबलंस?" बिरप्पा ओरडला.

"फडकं," सुकन्या म्हणाली. "आणि देवाला वाहायचं ते देवाला वाहा. मशीनला मसाला नको."

रविवारी लॅपटॉप स्टुलावर मांडला गेला. पहिल्या थापेचा मान तात्यांचा. कैताळ वाजवणाऱ्या महेश्वरनं झांजा सुरू केल्या, तात्यांनी नेमक्या समेवर बटण दाबलं, आणि थाप आली ती सम निघून गेल्यावर, सावकाश, सासुरवाडीला आल्यासारखी. तात्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग महेश्वरनं दाबून पाहिलं. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले.

"बंद कर रं," तात्या म्हणाले. "ढोल हाय का जावई?"

बिरप्पाचा चेहरा पडला. आता जन्मभर चपला. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, की एकदाच मी दाबू का?

तात्या स्टुलापासून बाजूला झाले, तो होकार समजून त्यानं बोट ठेवलं. कैताळ सुरू झाला आणि बिरप्पानं नेहमीसारखी घाई केली. त्याची घाई आणि लॅपटॉपची दिरंगाई एकाच मापाची निघाली. थाप समेवर पडली. पुढचीही. तात्यांनी आपला ढोल गळ्यात अडकवला, समोर येऊन उभे राहिले आणि रिंगण फिरायला लागलं. बिरप्पा डोळे मिटून, तोंड उघडं टाकून बटण दाबत होता. चपलांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि कुत्र्यानं महेश्वरची एक नेली.

सराव संपल्यावर तात्यांनी गळ्यातला ढोल उतरवला. "यात्रंला पांढरा फेटा लागंल," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर, असं घडलं कसं या कुतूहलानं, बिरप्पानं ते सूचनांचं लांबलचक पान आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलं. मध्येच कुठं तरी लिहिलं होतं, की आवाज उशिरा येत असल्यास अमुक आकडा कमी करावा, दोष लगेच जातो. बिरप्पानं ती ओळ पुन्हा वाचली. मग लॅपटॉप हलक्या हातानं मिटला आणि सुकन्याला म्हणाला, "चल, दुकानं बंद व्हायच्या आत फेट्याचं कापड घेऊ."