पेटी जागची हलली नाही

आमच्या ऑफिसात काहीही अडलं की एकच उपाय होता: "सरांना विचारा." ते सर म्हणजे मी.

ऑफिस वाशीला, एपीएमसी मार्केटच्या मागे. वारा फिरला की मीटिंगमध्ये कांदा येऊन बसतो. फळांची कोल्ड स्टोरेज चालवणाऱ्या शेठलोकांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कुठल्या खोलीत कुणाच्या पेट्या आहेत, ते त्यात कळतं. त्यातली बरीचशी टूलं, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्रॅम, माझ्या हातची. ती कशी चालवायची, हे मात्र मी कधी लिहून ठेवलं नाही. वेळ मिळत नाही, म्हणायचो. खरं सांगायचं तर मला कुणी विचारायला आलेलं आवडायचं. उलव्याच्या घरी मला टीव्हीचा आवाज कमी करू का, एवढंसुद्धा कोणी विचारत नाही.

पुढे मी साहेबांच्या रांगेत गेलो आणि अडलेल्यांचे फोन माझ्या शेजारच्या टेबलावर गेले. तिथे बसणाऱ्या मॅडमना मी सगळं तोंडी शिकवलं होतं, त्यामुळे ते फक्त त्यांनाच यायचं. मग रजा असो, सण असो, फोन त्यांनाच. भाचीच्या हळदीत त्यांनी एक फोन हळदीच्या हातानेच घेतला. मोबाइलच्या कव्हरवर तो पिवळा डाग अजून आहे. मी रोज बघायचो आणि नजर वळवायचो.

यंदा त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण आलं, नाशिकला. मॅडमनी महिनाभराची रजा मागितली, फोनही बंद ठेवणार म्हणाल्या. मालक म्हणाले, "एआय एजंट घेतलाय ना आपण? शेठलोकांचे निरोप त्याने नीट निभावले तर खुशाल जा. नाहीतर लॅपटॉप सोबत."

एजंट म्हणजे निरोप वाचून आपणहून टूल चालवणारा प्रोग्रॅम, पण टूलसोबत जे लिहिलेलं असेल तेवढंच त्याला कळतं. लिहायचं काम अर्थातच माझं. पेट्यांच्या टूलपुढे मी लिहिलं: "पेट्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवते." झालं.

चाचणीला एका शेठने निरोप धाडला, सफरचंदं पाचमधून सातमध्ये टाका. एजंटने लगेच कळवलं, "पेट्या हलवल्या आहेत." आम्ही टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने शेठचा फोन आला, स्पीकरवर.

"अहो, सात नंबर रिकामी हाय! माझा माल गेला कुठं?"

मागून माथाड्यांचा मुकादम ओरडत होता, "आमास्नी कुनी सांगितलंच न्हाई, तर हलवायच्या कशा?"

पेट्या पाचमध्येच होत्या. ते टूल फक्त नोंद बदलतं. आधी मुकादमाला फोन करायचा, त्याची माणसं पेट्या उचलणार, तो "झालं" म्हणणार, आणि मग नोंद. हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कुठंच लिहिलेलं नाही.

मालक मॅडमकडे बघून एवढंच म्हणाले, "लॅपटॉप भरा." मॅडमनी चार्जर गुंडाळायला घेतला. मला तो गुंडाळलेला चार्जर बघवेना.

खाली चहाच्या टपरीवर मी सांगून टाकलं. "मॅडम, ते वाक्य लिहिताना मुकादम मला आठवला होता. मी मुद्दाम सोडला. सगळं लिहिलं तर मला कोण विचारणार, असं वाटलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या भाचीची हळद तुमच्या मानपानात गेली?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत. मी इतकी वर्षं समजत होते, तुम्हाला लिहिता येत नाही." आणि हसायलाच लागल्या, टपरीवाला वळून बघेपर्यंत. मग म्हणाल्या, "चला वर. मी एजंट. मला मार्केट माहीत नाही, मुकादम माहीत नाही. लिहा."

मी लिहिलं, "योग्य खोली निवड."

"योग्य कुठली? मी एजंट आहे सर, मला लाज नाही. मी केळ्यांच्या खोलीत सफरचंद ठेवीन."

ते खोडलं. असं खोडत खोडत संध्याकाळ झाली. शेवटी उरलं ते असं: "हे टूल फक्त नोंद बदलतं, पेट्या जागच्या हलत नाहीत. आधी मुकादमाला निरोप पाठव. त्याच्याकडून 'झालं' आल्याशिवाय हे चालवू नकोस. खोलीचा नंबर दिला नसेल तर शेठना विचार, अंदाज करू नकोस." एवढं साधं. लिहिताना माझ्या अंगावरून काहीतरी उतरत होतं, आणि जरा गारही वाटत होतं.

मालकांना मीच जाऊन सांगितलं, चूक एजंटची नाही, मॅडमचीही नाही. ते बोलले, भरपूर बोलले, पण पुन्हा चाचणी दिली. या वेळी एजंटने आधी मुकादमाला गाठलं, "झालं" येईपर्यंत वाट बघितली, मग नोंद केली. शेठचा फोन आला तो सीताफळं कधी येतायत ते सांगायला.

मॅडम गेल्या. लॅपटॉप त्यांच्या टेबलावर राहिला.

मागच्या आठवड्यात नाशिकहून फोटो आला: दुपट्यातून बाहेर आलेली एक मूठ. खाली लिहिलं होतं, "नात झाली. हे टूल फक्त कळवतं. उत्तराची वाट बघत नाही."

मी अभिनंदन टाइप केलं. त्याखाली सवयीने लिहायला लागलो, जुन्या पावत्यांचं टूल तुम्ही कसं... तिथेच थांबलो. ते वाक्य पुसलं, अभिनंदन तेवढं धाडलं, आणि पावत्यांच्या टूलची फाइल उघडून लिहायला बसलो.