देवपूरचा पहिला पत्ता

मंगळवार, ११ फेब्रुवारी. आजचं काम एवढंच: माझ्या संगणकातल्या यादीतून धुळ्याच्या देवपूर भागातल्या आमच्या घराचा पत्ता काढून टाकायचा.

धुळं सोडलं त्या दिवशी थोरला भाऊ मला स्टँडवर सोडायला आला नाही. नरडाण्याच्या कारखान्यांचं इंटरनेट बंद पडलं होतं आणि तो सोनगीरला टॉवरवर चढलेला. तिथूनच फोन केला. "पोहचनी का सांगजो," एवढंच म्हणाला. इंटरनेट पुरवायचा धंदा आम्हा दोघांचा. मी रॉटरडॅमला नोकरी धरली आणि कागदावर माझं नाव तेवढं राहिलं.

आशियाच्या नोंदणी संस्थेकडून आम्हाला इंटरनेटच्या पत्त्यांचा एक गठ्ठा मिळाला होता. त्यातला पहिला पत्ता भावाने कुणा ग्राहकाला दिला नाही. घराच्या माळ्यावर एक यंत्र बसवून त्याला लावला. रोज सकाळी मी इथून त्या पत्त्याला हाक द्यायची, म्हणजे एक छोटा संदेश पाठवायचा. यंत्राचं उत्तर जरा वेळाने यायचं. अंतरच तेवढं. उत्तर आलं की समजायचं, घरी बठ्ठं बरं शे, सगळं ठीक आहे. फोन करायची गरज वाटत नसे.

भाऊ गेला त्या सकाळीही यंत्राने उत्तर दिलं होतं.

धंदा मिटवावा लागला. पत्ते इकडच्याच एका कंपनीने घेतले. आशियाच्या नोंदीतून ते युरोपच्या नोंदीत न्यायचे तर दोन्ही संस्थांनी हो म्हणायचं, घेणाऱ्याने गरज दाखवायची आणि देणाऱ्याने सगळे पत्ते रिकामे करून द्यायचे. घर सोडताना मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. सही केली. वहिनींनी माळ्यावरून फोन लावला.

"ताई, बंद करू ना? यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही."

करा, मी म्हणाले. यंत्राच्या पंख्याची घरघर थांबलेली मला इथे ऐकू आली.

पत्त्यांची बदली पूर्ण झाल्याची मेल आज आली. वहिनी घराला कुलूप लावून पुण्याला लेकीकडे निघाल्या. मी यादी उघडली आणि तशीच मिटली.

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी सवयीने हाक दिली. उत्तर आलं. देवपूरहून इतक्या लवकर ते कधीच आलं नव्हतं. जवळच्याच कुठल्या तरी यंत्राला आता तो पत्ता होता.

यादीतून तो काढला. मग वहिनींना फोन लावला आणि विचारलं, पोहचनी का.