सदू मागे वळून बघायचा

सदाशिव मोहिते चालताना मागे बघायचा. चार पावलं टाकली की उजव्या खांद्यावरून मान वळवायची, मागचं बघून घ्यायचं आणि पुन्हा पुढे. भाजी घेताना तेच, पोहे खाताना तेच. मुलाच्या वरातीत घोड्यापुढे चालताना त्याने इतक्या वेळा मागे पाहिलं की सोयऱ्यांकडची एक बाई म्हणाली, "समधीजी को लग रहा है दूल्हा भाग जाएगा." नवी माणसं मला विचारायची, यांच्या मागे कुणी लागलंय का? मी उत्तर देत नसे. तो ज्याला शोधायचा तो मीच होतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या शेजारीच उभा असायचो.

आम्ही दोघं सायकलवाले. आताची पोरं सकाळी हेल्मेट घालून इंदूरहून राऊपर्यंत जातात आणि फोटो टाकतात, तसले नव्हे. शर्यतीतले. दोघांचेही पणजे संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे घरात तलवारी होत्या आणि पुस्तकं नव्हती. मी सातवीत शाळा सोडली. सदू मॅट्रिकला एका विषयात राहिला, आणि तो विषय कुठला हे त्याने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. माझ्या मांड्या जाड, अंग भरलेलं. सपाट रस्त्यावर शेवटचा खांब दिसला आणि मी सीटवरून उठलो की इंदुरात माझ्यापुढे कुणी टिकत नसे. फुशारकी नाही, तसं होतंच. सदू काटकुळा. सपाटीवर त्याला कुणी विचारायचं नाही, पण घाटात तो जिन्यावरून मांजर जावं तसा वर जायचा.

म्हणून त्याला संत समजू नका. माझ्या बशीतली सेव तो रोज उचलायचा. पत्ते खेळताना शेजाऱ्याचा हात बघायचा आणि वर म्हणायचा, "तू दाखवतोस, तर मी डोळे मिटू काय?" चहाचे पैसे द्यायची वेळ आली की बुटाची नाडी बांधायला वाकायचा, पायात चपला असल्या तरी. आणि वेळेवर कुठेही पोचायचा नाही. गाडी फलाटावर येऊन उभी असली तरी सांगायचा, "टाइम आहे रे, भरपूर टाइम आहे." त्याची बायको, शालिनीवहिनी, म्हणायच्या, "यांच्या घड्याळाला काटेच नाहीत, भाऊजी."

हे "टाइम आहे" त्याने मला पहिल्यांदा भेरूघाटात सांगितलं होतं.

तीन दिवसांची शर्यत होती. पहिल्या दिवशी उज्जैन करून परत, सगळा सपाट रस्ता. दुसऱ्या दिवशी भेरूघाटातून खाली बडवाहला उतरायचं आणि तोच घाट चढून वर यायचं. तिसऱ्या दिवशी शहरात चकरा आणि लालबागेच्या फाटकासमोर शेवट. एका सरकारी खात्याचे साहेब शेवटच्या दिवशी येणार होते. त्यांना खात्याच्या टीमसाठी माणसं हवी होती, नोकरीसकट. माझ्या घरी तेव्हा कमावणारं कुणी नव्हतं. सदूच्या घरीही नव्हतं.

पहिला दिवस मी जिंकला. दुसऱ्या दिवसाची भीती मला आदल्या संध्याकाळपासूनच होती. ही गोष्ट सायकल न चालवणाऱ्याला कळत नाही, म्हणून सांगतो. घाटाच्या दिवशी पहिला माणूस पोचला की घड्याळ लागतं. ठरलेल्या वेळेत जो पोचला नाही तो बाद. मग त्याने काल काय जिंकलं होतं ते कुणी विचारत नाही, त्याला उद्या निघताच येत नाही. माझ्यासारखं भारी अंग घाटात पुढे जातच नाही, रस्ताच मागे ओढतो. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी सदूला बोलावलं आणि सांगितलं, "तू आज शर्यत करायची नाही. दत्तूला वेळेत वर आणायचं." दत्तू म्हणजे मी. सदू त्या दिवशी पहिल्या तिघांत आला असता. तो फक्त म्हणाला, "ठीक आहे, पण उतरताना मी याच्या मागे राहणार. हा अंगावर पडला तर माझा पापड होईल."

घाटात तो माझ्यापुढे एक सायकल अंतर ठेवून चालला होता. थोडं गेला की उजव्या खांद्यावरून मागे बघायचा. मी दिसलो की वेग तेवढाच ठेवायचा, मागे पडलो की कमी करायचा आणि इंदुरी थाटात भावाला हाक मारावी तसं म्हणायचा, "टाइम आहे, भिया. हळू चल, भरपूर टाइम आहे." मी मान खाली घालून त्याच्या मागच्या चाकाकडे बघत होतो, दुसरं काही बघायची ताकद नव्हती. वरचं शेवटचं वळण दिसत असताना माझं पुढचं चाक बसलं. पंक्चर. मी काही बोलायच्या आत तो उतरला होता. त्याने आपलं पुढचं चाक काढून माझ्या सायकलीला लावलं आणि मला ढकललं. मी म्हणालो, "आणि तू?" तो म्हणाला, "जीप मागून येतेय, चाक घेतो आणि तुला धरतो. टाइम आहे, तू चल."

मी गेलो. मागे पाहिलं नाही.

चाकांची जीप केव्हाच पुढच्या लोकांबरोबर निघून गेली होती. आमच्या मागे रस्ता रिकामा होता. हे मागे बघणाऱ्याला माहीत होतं, मान खाली घालणाऱ्याला नव्हतं. मी वेळेच्या आत पोचलो, इतका काठावर की पंचांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सदू सायकल खांद्यावर टाकून चालत आला तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. त्याने पहिलं काय विचारलं तर, "काय खायला ठेवलंय का संपवलंत?"

तिसऱ्या दिवशी लालबागेसमोर मी जिंकलो. साहेबांनी तिथेच माझं नाव विचारलं. बाद झालेला सदू गर्दीत उभा राहून शिट्टी वाजवत होता. मला सरकारी नोकरी लागली, पेन्शन अजून येते. तो मिलमध्ये लागला, मिल बंद पडली, मग त्याने म्हातारपण येईपर्यंत शाळेच्या पोरांची व्हॅन चालवली. यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या आळीला माहीत आहे. पण आळीला माहीत असलं म्हणजे माणसाच्या छातीवरचं उतरतं असं नाही.

खात्याने पुढे मला चढाच्या शर्यतींना पाठवायचा बराच प्रयत्न केला. मी एकदाही गेलो नाही. ताप आला सांगितलं, गुडघा दुखतो सांगितलं. साहेब चिडले. बाकीचे म्हणाले, दत्तू सपाटीचा वाघ, घाटात शेळी. म्हणू दिलं. गेलो असतो तर तिथल्या उस्तादांनी एखाद्या काटकुळ्या पोराला बोलावून सांगितलं असतं, तू आज शर्यत करायची नाही. ते मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. हे मी सदूलाही कधी सांगितलं नाही.

म्हातारपणी आम्ही दोघं राजेंद्र नगरात. माझं घर खाली, अंगणासकट. त्याचं बाजूच्या मल्टीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे गुडघे गेले होते, म्हणून रोज तोच खाली यायचा आणि आम्ही चौकात पोह्याच्या ठेल्यावर बसायचो. सायकलवाली पोरंही तिथेच थांबायची. मोबाईलवर परदेशातल्या तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती बघायची. एक दिवस त्यातला एक म्हणाला, "दादा, जगातला सबसे तेज आदमी, और इस रेस में आया ही नहीं. डर गया क्या?"

मी म्हणालो, "त्या शर्यतीत रोज डोंगर आहेत. सपाटीवर पळणाऱ्याच्या कामाचा एक दिवस नाही. पाय वाया घालवून पुढची शर्यत कशाला घालवेल?"

"पण नाव तर दिलं पाहिजे ना, काका. लढायला पाहिजे."

सदूने माझ्या बशीतली सेव उचलली, तोंडात टाकली आणि सांगितलं, "ज्या पंगतीत जिलबी वाढायचीच नाही तिथे जिलबीवाल्याने जाऊन काय करायचं? आणि गेलाच, तर त्याची कढई उचलायला दोन माणसं लागतात. त्या दोघांनी मग जेवायचं कधी?"

पोरं हसली. मी हसलो नाही. सदूने उजवीकडून मागे पाहिलं, मी त्याच्या डावीकडे होतो. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खा रे. सेव संपली म्हणून पोहे सोडायचे नसतात." त्याला सगळं माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं. घाटाच्या शर्यती मी का सोडल्या, तेही. तरी मी काही बोललो नाही. मला वाटलं, बोलू कधीतरी. टाइम आहे.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी जिना बंद केला. पहिले काही दिवस तो गॅलरीत यायचा आणि मी खाली रस्त्यावर उभा राहून बोलायचो. बोलायचो म्हणजे ओरडायचो, साऱ्या मल्टीला आमची औषधं पाठ झाली. मग तो गॅलरीतही येईना. त्याचा मुलगा नितीन माझ्याकडे आला.

"काका, बाबा तुम्हाला विचारतायत. आपण असं करू, खुर्चीत बसा. मी आणि खालचे दोघं मिळून उचलून नेतो वर."

मी म्हणालो, "माझी काय वरात काढायचीय? गुडघा बरा झाला की माझ्या पायाने येईन."

"काका, गुडघा आता काय बरा..."

"येईन म्हटलं ना."

तो गेला. रोज मी जिन्याच्या तोंडाशी जायचो, कठड्याला हात लावायचो आणि परत यायचो. कुणी उचलून न्यायचं मला नको होतं. आयुष्यात एकदा नेलं होतं, तेवढं पुरे. असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर तीन मजले चढायची भीती होती, आणि वर गेल्यावर काय बोलायचं याची जास्त.

मग एका दुपारी शालिनीवहिनी खाली आल्या. माझ्या अंगणात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. "भाऊजी, हे दाराकडे पाठ करून झोपतात. त्या कुशीवर श्वास बरा येतो म्हणून. पण थोड्या-थोड्या वेळाने मान वळवून दाराकडे बघतात. मानेला त्रास होतो. मी म्हटलं, कुणी आलं तर मी सांगेन, तुम्ही पडून राहा. ऐकत नाहीत."

मी चप्पल घातली.

पहिला मजला कठडा धरून चढलो. दुसऱ्यावर पायरीवर बसलो, एका बाईने पाणी आणून दिलं. तिसऱ्याला पाय उचलेना. नितीन मागून आला आणि त्याने माझ्या पाठीला तळवा लावला. मी तो काढ म्हटलं नाही.

सदू पाठमोरा होता. मी दारात पोचलो तेव्हाच त्याने मान वळवली. इतका बारीक झाला होता की डोळेच मोठे दिसत होते.

"आलास?" म्हणाला. "बस, बस. धाप लागलीय तुला. टाइम आहे."

मी बसलो. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग विचारलं, "सदू, जीप पुढे गेलेली तुला माहीत होतं ना?"

त्याने मान पुन्हा उशीवर टेकवली. मग म्हणाला, "तू मागे बघितलं असतंस तर तुलाही कळलं असतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला काही लागेल असं बोलला होता. मला खरं तर बरं वाटलं. म्हटलं, आता बोल अजून, सगळं बोल.

पण तो सदू. म्हणाला, "नाही बघितलंस ते ठीक केलंस. मागे बघणारा स्प्रिंटर कुणाच्या काय कामाचा? वहिनीला सांग चहा टाकायला. पैसे तू दे."

वहिनी तो माझ्या बायकोला म्हणायचा, स्वतःच्या बायकोला त्याने कशाला वहिनी म्हणावं? शालिनीवहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मी पुन्हा यायचं कबूल करून निघालो. तो म्हणाला, "ये आरामात, टाइम आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी नितीनचा फोन आला.

मल्टीच्या जिन्यात तिरडी वळत नाही. म्हणून त्याला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणलं. नितीन आणि खालचे दोघं. तीच प्लास्टिकची खुर्ची असावी, जी माझ्यासाठी आणणार होते. मी खाली कठड्याला धरून उभा होतो आणि प्रत्येक वळणावर ते तिघं त्याला सांभाळत होते. त्याला उचलून घ्यायला काही लाज वाटली नाही. सगळं ताठपण माझ्याच वाट्याला आलं होतं.

स्मशानातून निघताना आमच्यात मागे वळून बघत नाहीत. सगळे हातपाय धुऊन फाटकाकडे चालू लागले, मी सगळ्यांत शेवटी. नितीनने माझा दंड धरला होता. फाटकापाशी मी थांबलो.

नितीन हळूच म्हणाला, "काका, मागे बघायचं नसतं."

मी उजव्या खांद्यावरून मान वळवली आणि बघितलं.