पुठ्ठ्याची मागची बाजू

ही वही कोणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझे शुद्धलेखन चांगले नाही. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत शिकवले तेवढेच, त्यानंतर शाळा सुटली आणि लिहायची वेळ फक्त किराणा मालाच्या यादीपुरती आली. अक्षरही वेडेवाकडे आहे. वही माझ्या मुलीची आहे, इथल्या जपानी शाळेतली, चौकोना-चौकोनांची. एका चौकोनात एक अक्षर बसवायचे असते. माझी अक्षरे भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरात जातात.

आम्ही कोबेला आलो त्याला चोवीस वर्षे झाली. हे एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी आहेत. मी घरी पोळ्या लाटते आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या इंजिनियर लोकांच्या घरी त्या पोचवते. मुलगी इथेच जन्मली, एकुलती एक. मराठी समजते तिला, पण उत्तर बहुतेक वेळा जपानीत यायचे. तीन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळाली आणि ती अमेरिकेला शिकायला गेली.

परक्या देशात कसे राहायचे याचा माझा एकच नियम होता. कोणाच्या डोळ्यावर यायचे नाही. कचरा बरोबर वेगळा करायचा, जिन्यात हळू बोलायचे, ट्रेनमध्ये फोन घ्यायचा नाही. परदेशी माणसाचे ते कार्ड असते, ते मी खाली कचरा टाकायला जातानाही कनवटीला लावल्यासारखे खिशात घेऊन जाते. पोलिसाने मला ते कधीच मागितले नाही. तरी घेते. मुलीलाही हेच शिकवले होते.

म्हणून तिने पहिल्यांदा मोर्चाला गेल्याचे सांगितले तेव्हा माझी पोळी तव्यावर करपली. आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ, त्यामुळे पोळ्या लाटतानाच तिचा फोन यायचा. मी फोन डब्याला टेकवून ठेवायची. मोर्चे मी इथेही पाहिले होते. स्टेशनाबाहेर दहा-बारा म्हातारी माणसे कापडी फलक धरून उभी असतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाकून नमस्कार करतात, पाच वाजले की फलक नीट घडी करून घरी जातात. मी विचारले, तसेच का? ती हसली. म्हणाली, आई, तसं नाही.

मग हळूहळू तिने सांगितले. तिकडे माणसांचे दोन भाग झाले आहेत. एका गल्लीतली घरे एकमेकांशी बोलत नाहीत. ती ज्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरची खोली भाड्याने घेऊन राहते, त्यांचा मुलगा गावातच राहतो, पण आई दुसऱ्या पक्षाची म्हणून सणालाही जेवायला येत नाही. बाई दोन ताटे मांडतात आणि माझी मुलगी दुसऱ्या ताटावर बसते. तिला दोन्ही पक्षांचा राग होता. एक माणसांना घाबरवतो आणि दुसरा नुसता त्याच्याशी भांडत बसतो, असे तिचे म्हणणे. मला राजकारण कळत नाही. घाबरवतो एवढा शब्द मात्र कळला आणि तो दिवसभर पोटात राहिला.

थंडी सुरू झाली होती. मी तिला लाल लोकरीची कानटोपी विणून पाठवली होती. मोर्चात ती घालतेस का, दाखव, असे मी म्हटले. तिने फोटो पाठवला. टोपी कानांवर नीट ओढलेली, गाल लाल, हातात पुठ्ठ्याचा फलक, त्यावर इंग्रजी. मी टोपीच बघितली.

इथेच माझी चूक झाली. आमच्या बारा जणींची भिशी आहे. त्यात मी एकटीच न शिकलेली, बाकीच्या साहेब लोकांच्या बायका, आणि आता बऱ्याच जणी स्वतःही नोकरी करतात. भिशीच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसते, बोलत नाही. पण फोनवरच्या ग्रुपमध्ये बोलायला तोंड लागत नाही. सगळ्या आपल्या मुलांचे फोटो टाकायच्या, कोणाचे बक्षीस, कोणाचा नाच. मलाही वाटले, आपलेही काहीतरी दाखवावे. मी फोटो टाकला आणि खाली लिहिले, टोपी मी विणली. दहा जणींनी अंगठे दिले. भिशीचा हिशेब ठेवतात त्या वहिनींनी लिहिले, "काकू, टोपी मस्त, पोरगी पण मस्त." माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत त्या, मला काकू म्हणतात. मी तो संदेश चारदा वाचला.

सहा दिवसांनी मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट. तिने हळू विचारले, "आई, तो टोपीचा फोटो तू कोणाला दिलास?"

मी म्हटले, कोणालाच नाही. आयुष्यात तिच्याशी खोटे बोलले ती तेवढीच वेळ. मग सांगितले.

अमेरिकेतल्या कोणा मराठी गृहस्थांनी तो फोटो आपल्या पानावर लावला होता आणि वर लिहिले होते की पाहुणे म्हणून येतात आणि घरच्यांनाच शहाणपण शिकवतात, हिला घरी पाठवा. तो शेकडो लोकांनी पुढे पाठवला. कोणीतरी तिचे कॉलेज शोधून काढले आणि तक्रार केली. कॉलेजने तिला बोलावले होते. तिच्यासारख्या मुलांचे व्हिसा रद्द होत होते, काहींना सरकारी माणसांनी घरातून नेले होते. तिच्या घरासमोर दोन दिवस एक गाडी उभी होती. कोणाची साधीच असेल, असे ती म्हणाली. आणि शेवटी जपानीत म्हणाली, दाइजोबु, म्हणजे ठीक आहे. लहानपणी गुडघा फुटला तरी हेच म्हणायची.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. फोनवर ती शेवटची कधी दिसली ती वेळ मी बघत बसायची. आमची दारावरची घंटा वाजली तरी वाटायचे, तिलाच न्यायला आले. ह्यांना तीन दिवस सांगितले नाही. सांगितले तेव्हा ते जेवत होते. हात तसाच ताटात ठेवून म्हणाले, तिला परत बोलव. मग स्वतःच म्हणाले, दोन वर्षं शिकली, अर्ध्यात कसं बोलवणार. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

त्या वहिनींचा भाऊ अमेरिकेत आहे हे मला माहीत होते. चौथ्या दिवशी पोळ्यांचा डबा घेतला आणि त्यांच्या घरी गेले. फोन न करता कोणाच्या दारात जाण्याची माझी पहिलीच वेळ. दार उघडल्याबरोबर विचारले, नाहीतर विचारलेच नसते.

"वहिनी, माझ्या मुलीचा फोटो तुम्ही भावाला दिलात का?"

त्यांना काही ठाऊकच नव्हते. घरच्या ग्रुपवर कौतुकाने टाकला होता, म्हणाल्या, बघा आमच्या काकूंची मुलगी किती धीट. भावाने पुढे काय केले ते त्यांनी माझ्यासमोर फोनवर शोधले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

भाऊ तावातावाने बोलत होता. या देशाने मला सगळं दिलं, आणि या कालच्या पोरी फलक घेऊन उभ्या राहतात, तुला तिथे बसून काय कळतंय. वहिनी म्हणाल्या, "दादा, तिची आई माझ्यासमोर बसली आहे."

वहिनींनी फोन माझ्याकडे सरकवला. बारा जणींत मी तोंड उघडत नाही, आणि हा तर परका पुरुष. शेवटी म्हटले, "दादा, मला तुमचं राजकारण कळत नाही. मी टोपी दाखवायला फोटो दिला होता. चूक माझी आहे. तिला शिक्षा नको."

"ताई, पण फलकावर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"मला इंग्रजी येत नाही. पण त्याला मागची बाजू आहे, ती तुम्ही वाचली नाही."

मुलीने टोपीच्या फोटोबद्दल विचारले त्या फोनवरच मला ते सांगितले होते. पुढच्या बाजूला सत्तेवरच्या पक्षाला बोल लावले होते, माणसांना घाबरवून राज्य करू नका असे. मागच्या बाजूला दुसऱ्या पक्षाला, की तुमच्या भांडणात आम्ही चिरडले जातोय. अर्धा वेळ ती फलक असा धरते, अर्धा वेळ तसा. मी फोटो मागितला तेव्हा पुढची बाजू समोर होती, इतकेच.

तो म्हणाला, काढतो. पुढे गेलाय तो माझ्या हातात नाही, ताई, तो कुठवर गेला मलाही माहीत नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, माझा मुलगाही जातो त्या मोर्चांना. सहा महिने बोलत नाही माझ्याशी.

त्याने माफी मागितली नाही. फोटो मात्र तासाभरात गेला.

पण भीती गेली नाही. कॉलेजात जाण्याआधी वकील हवा होता आणि वकिलाला आधी पैसे. आमची शिल्लक तिच्या विमानाच्या तिकिटात गेली होती. माझी भिशीची चिठ्ठी उन्हाळ्यातच निघून गेली होती. त्या महिन्याची चिठ्ठी वहिनींची निघाली. त्यांनी सगळ्यांसमोर काही न बोलता लिफाफा घेतला, आणि मी भांडी आवरत होते तिथे येऊन माझ्या पिशवीत घातला. म्हणाल्या, काकू, हे माझ्याकडून झालं, परत द्यायचं नाही. मी म्हटले, देणार. त्या नको म्हणत राहिल्या आणि मी देणार म्हणत राहिले. माझे बोलणे कोणापुढे टिकले असे फारसे झालेले नाही, ते तेव्हा टिकले. तो फोटो आधी मीच दिला होता, आणि ती चूक मला कोणाच्या लिफाफ्यात घालून झटकून टाकायची नव्हती.

वकिलीण बाईंनी फलकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवले आणि कॉलेजला पत्र लिहिले. घरमालकीण बाई तिच्याबरोबर गेल्या, चांगला कोट घालून. त्या कोणत्या पक्षाच्या हे मी अजून विचारलेले नाही. कॉलेजने दोन महिने काही कळवले नाही. ते दोन महिने मी पोळ्या मोजून लाटल्या, कारण मोजत असले की दुसरा विचार येत नाही. मग पत्र आले की तक्रार बंद केली आहे. व्हिसा राहिला.

मला वाटले, आता ती मोर्चाला जाणार नाही. ती म्हणाली, "आई, मी परत जाणार आहे. तुला न सांगता जाणार नाही." मी नको म्हणू शकले नाही आणि हो तर म्हणवलेच नाही. आमचे एवढेच ठरले की निघताना सांगायचे, आणि खोलीवर परत आली की फोनवर फक्त एक टिंब पाठवायचे. टिंब येईपर्यंत मी बसत नाही. एकदा मोर्चात ढकलाढकली झाली, तेव्हा टिंब चार तासांनी आले. त्या चार तासांबद्दल मला लिहिता येणार नाही. फोटो ती आता पाठवत नाही, मीही मागत नाही. टोपी घालते की नाही, माहीत नाही.

वहिनींचे पैसे मी दर महिन्याला थोडे थोडे दिले. पाच नवीन घरांचे डबे धरले, सणाच्या पुरणपोळ्याही घेतल्या. लिफाफा द्यायची आणि त्या न उघडता ड्रॉवरमध्ये टाकायच्या. अकरा महिने असे चालले. गेल्या शनिवारी शेवटचा नेला तेव्हा मी चहाला बसले नाही. उभीच राहिले.

"मोजा, वहिनी."

"कशाला काकू, तुमच्यावर का विश्वास नाही?"

"तरी मोजा. आधीचेही सगळे काढा."

त्यांनी माझ्याकडे बघितले, आणि ड्रॉवर उघडून एकेक लिफाफा बाहेर काढला. टेबलावर नोटा मांडून सावकाश मोजल्या, मग दुसऱ्यांदा मोजल्या. पूर्ण होते.