मोरीतल्या मुंग्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगितलं असतं तर हे लिहायला मी उरलो नसतो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या सासरचे नाही.

इंदूरच्या गिरण्या एकेक बंद पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी गिरणीच्या खळ खात्यात होतो. सुताला लावायची खळ दाट झाली की पातळ, हे बोट बुडवून सांगायचो. लोक मास्तरजी म्हणायचे. मग फाटकाला कुलूप लागलं आणि मास्तरजी घरी बसले. बायको, सुनंदा, एका शाळेत शिकवायला जाऊ लागली आणि आमची तान्ही मीनू माझ्या मांडीवर आली.

आणि माझा साडू विनयराव, सुनंदाच्या धाकट्या बहिणीचा नवरा — तो नेमका तेव्हाच चढला. औषधाच्या नव्या कंपनीत लागला. टाय, चामड्याची बॅग, कोरी स्कूटर. सासूबाई माझ्या ताटात एक जिलेबी वाढायच्या, त्याच्या ताटात वाढतच राहायच्या. मी मोजत नव्हतो. बरं — मोजत होतो.

उन्हाळ्यात मीनूला जुलाब लागले. अगदी पाण्यासारखे. विनयराव आला, ओट्यावर जुलाबावरच्या पुड्या ठेवल्या आणि तिथेच उभं राहून त्यानं भाषण ठोकलं. "ताई, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात पूर्ण एक पुडी. कमी नाही, जास्त नाही. चमच्यानं थोडं थोडं पाजत राहायचं. उलटी झाली तर जरा थांबून पुन्हा. आणि अंगावरचं दूध बंद करायचं नाही." मग माझ्याकडे वळून, इंदुरी थाटात, "क्या भिया, मिक्सिंग तर तुमचंच डिपार्टमेंट."

सुनंदा हसली. गिरणी बंद झाल्यापासून ती घरात अशी हसली नव्हती. माझ्या एकाही विनोदावर नाही — आणि माझे विनोद काय वाईट असतात?

दुसऱ्या दिवशी तिनं पातेलंभर पाणी तयार केलं, मीनूला पाजून घेतलं आणि ती शाळेत गेली.

इथे मी रेंगाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. समोर पातेलं, हातात चमचा, मांडीवर मूल. आणि डोक्यात काय? तर हे, की पाणी लागू पडलं तर जन्मभर ऐकावं लागणार — विनयरावांनी पोर वाचवली. माझ्या आईसारखं जायफळ उगाळून चाटवलं आणि ते लागू पडलं, तर नाव माझं. शिवाय पाणी घातलं की पाणीच बाहेर येणार, असं माझं खळ खात्यातलं शास्त्र. मी जायफळ चाटवलं. आणि पातेल्यातलं पाणी मोरीत ओतत राहिलो. थोडं थोडं — त्यानं सांगितलं होतं तसंच.

दुपारी मीनू गप्प झाली. लंगोटही भिजेना. मी खूश. जायफळानं काम केलं, अजून काय?

सुनंदा आली, रिकामं पातेलं पाहून तिचा चेहरा उजळला. "सगळं प्यायली?"

"सगळं," मी म्हणालो.

पण मीनू दूध ओढेना. मान टाकलेली. तेवढ्यात विनयराव आला. त्यानं तिच्या टाळूवरून बोट फिरवलं — टाळू खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली आणि सावकाश बसली. मीनूनं रडायला तोंड उघडलं, डोळ्यांत टिपूस नाही.

"लघवी कधी झाली?"

"दुपारपासून लंगोट कोरडा आहे," मी सांगितलं. ऐटीत सांगितलं हो.

तो हात धुवायला मोरीकडे गेला, मी मागोमाग. त्या पुडीत साखर असते, हे मला कुठे ठाऊक? मोरीच्या तोंडाशी मुंग्यांची काळी रांग लागली होती. विनयरावानं रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तांब्या उचलला, मुंग्यांवर पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, मोरी स्वच्छ होईपर्यंत. बाहेर येऊन म्हणाला, "ताई, माझ्या पाण्यानं भागलं नाही. दवाखान्यात चला, आत्ताच."

सलाईन लागलं. मीनू वाचली.

पुढे सासरी थट्टाच होऊन बसली. कुणाचं पोट बिघडलं की, "देऊ का विनयरावांचं पाणी?" सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो. तोही हसायचा. मी त्याचे उपकार मानले असतील, असं वाटतं तुम्हाला? मी आणखी जळलो. टाय, स्कूटर, जिलेब्या — आणि वर हा मोठेपणाही त्याच्याचकडे?

परवा मीनूचा फोन आला. तिच्या बाळाला जुलाब. सुनंदा म्हणाली, "त्या पुडीच्या पाण्यावर राहू नकोस गं. तुला कुठे लागू पडलं होतं?"

मी फोन ओढूनच घेतला. एक लिटर पाणी, पूर्ण पुडी, चमच्यानं. दूध चालू ठेव. लघवी बघ, टाळू बघ. गप्प पडलं तर बरं झालं समजू नकोस, दवाखाना गाठ.

"विनयरावांचं पाणी तुम्हाला कधीपासून पटायला लागलं?" सुनंदानं विचारलं. मी चष्मा पुसत बसलो.

रविवारी विनयराव जेवायला आला. बाळ आता बरं आहे. सुनंदानं त्याला सगळा किस्सा रंगवून सांगितला, "तुमच्या पाण्याला इतक्या वर्षांनी यश आलं हो," म्हणाली. तो हसला, आणि उठून हात धुवायला मोरीकडे गेला.

या वेळी मी मागोमाग गेलो नाही.