चार सिलेंडरची गाडी आणि मागच्या सीटवर काकी

साडेतीनशे सीसीची, सत्तरच्या दशकातली जपानी मोटरसायकल. एवढ्याशा इंजिनात चार सिलेंडर! वटार गावच्या वाडीवाल्या काकांकडून घेतली तेव्हा ती केळ्यांच्या घडांमागे कित्येक वर्षं बंद पडून होती. "चालू झाली की दाखवायला आण," काका म्हणाले होते. महिनोन्‌महिने खपून चालू केली आणि एका रविवारी निघाले.

मी राहते त्या मनवेलपाड्यातून सकाळी लवकर निघा, नंतर गर्दीने उड्डाणपूल नको होतो. मी मुद्दाम लांबून, नालासोपारा-निर्मळमार्गे गेले. रस्ता अरुंद, पण दोन्ही बाजूंना गारेगार वाड्या. वाटेत वडापाव-चहा झाला की बस, दुसरा खर्च पेट्रोलचाच.

निर्मळला देवळाजवळ इंजिन खोकायला लागलं. सायलेन्सरच्या चारही नळ्यांवर पाणी शिंपडलं. तीन नळ्यांवर चर्र झालं, चौथी गप्प. म्हणजे तो सिलेंडर पेटत नव्हता.

"गाडीला फोडणी देतेस काय गं?" फुलं विकणारी बाई हसली.

प्लगची टोपी सैल झाली होती. दाबून बसवली, गाडी सुरळीत.

वटारला काका ओट्यावर बसले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. इंजिनाचा आवाज नुसता ऐकत राहिले. बोलल्या त्या काकी, "मला समुद्रावर ने." सुनेचा पंजाबी ड्रेस घालून तयारच होत्या.

"ह्या वयात? पडशील," काका म्हणाले.

"आधी सासूबाई नको म्हणायच्या, मग पोरं लहान, मग गाडीच बंद. आता कोण अडवतंय?"

मलाही धाकधूक होती. प्लगची टोपी पुन्हा तपासली. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तेव्हा काकींनी अंबाडा सोडून वेणी घातली.

राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत जपून नेलं. पहिल्या वळणावर त्यांनी माझे खांदे घट्ट आवळले. सुरूची झाडं दिसली तेव्हा सोडले. वाळूत उतरून गाडीकडे बघत म्हणाल्या, "किती वर्षं हिची नुसती धूळ पुसली मी."

परतल्यावर काकांनी विचारलं, "जोरात पळवली काय?"

"तुम्ही पळवायचात तशी नाही," काकी म्हणाल्या. "म्हणून सगळं दिसलं."

निघताना काकींनी सुकेळी, म्हणजे वाडीतली वाळवलेली केळी, बांधून दिली.

असली गाडी घ्यावी का, असं लोक मला विचारतात. पार्ट मिळत नाहीत, रोज वापरायला तर अजिबात नको, हे मी खरंच सांगते. मग मला परवाचा काकांचा फोन आठवतो.

"पुढच्या वेळी हिला नेशील तेव्हा आधी कळव. मी रिक्षाने राजोडीला जाऊन थांबतो. मला तिला गाडीवरून येताना बघायचंय."