तिच्या मापाचं औषध

मंगळवार. संध्याकाळी माझ्या नणंदेचे, सुमनचे, ब्लाउज मशीनवर पुन्हा आत घेत होते.

"वहिनी, जरा सैलच ठेवा हं. औषध लागू पडलं की मी फुगणार," ती कॉटवरून म्हणाली.

"फुगलीस तर नवे शिव. मी उसवत बसणार नाही."

तिच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा जनुकं तपासायला पाठवला होता. दोष सापडला तर अगदी तिच्या मापाचं औषध देता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दुपारी त्यांचा फोन आला. दोष सापडला, पण त्यावर चालणारं औषध अजून निघालेलंच नाही. सुमनला हे ठाऊक नव्हतं.

दुखणं नेमकं कळलं की निम्मं काम झालं, असं मी समजत आले. आता ते इतकं नेमकं कळलं आहे, की दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन धीर द्यायचीही सोय उरली नाही. शेजारच्या काकू बऱ्या झाल्या, पण तो आजार त्यांचा. हा एकट्या सुमनचा.

मी ब्लाउज सैल ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चहा होईपर्यंत थांबले. मग तिच्याशेजारी बसून डॉक्टरांचं बोलणं एकही शब्द न गाळता सांगितलं.